कडता

एकतीस वर्षं मी दोंडाईच्याला मिरची तोलतो.
पहिल्या पोत्याला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात.
लाभ, मग दोन, मग तीन,
आणि शिंकत शिंकत पुढचे सगळे.

गावातलं कुणीही विमानानं निघालं
की त्याची बॅग आधी माझ्या काट्यावर येते.
हिंमत शिंप्याचा पोरगा मस्कतला गेला तेव्हा,
भामरे सरांची सून गेली तेव्हा,
तिच्या एका बॅगेत तर नुसती बाळाची लंगोटं.
बॅग ठेवायची, हात काढून घ्यायचा,
मी आकडा मोठ्यानं बोलतो.
झुलाल मापाडी बोलला
म्हणजे मुंबईला तोच निघणार,
ग्रॅमभर इकडंतिकडं नाही.

यंदा माझीच निघाली. मोनाली. आयर्लंड.
तिकिटावर बारीक अक्षरात तेवीस किलो, एकच बॅग.
मी विचारलं, बारदानाचं किती कापतात?
ती हसली. म्हणाली, आप्पा, बॅगेसकट तेवीस.
रिकामी बॅग तोलली, चार किलो शंभर.
म्हणजे माल एकोणीसला कमीच.
पोत्याचं वजन मालात धरणारा व्यापारी
आमच्या ओट्यावर दुसऱ्या दिवशी उभा राहिला नसता.

रात्री वॉचमननं गेट उघडून दिलं.
इंदू मिरचीच्या पोत्यावर बसली, पदर नाकाला.
सत्तावीस चारशे.
कुकर निघाला.
शिट्टी तेवढी पोरीनं पर्समध्ये टाकली,
कशाला, ते मी विचारलं नाही.
पंचवीस पाचशे.
दोन जाड पुस्तकं निघाली, दादरचं पीठ निम्मं झालं,
लग्नाकार्याची एक साडी परत घरी आली.
चोवीस दोनशे.
आता राहिला बिबड्यांचा डबा.
मोनालीनं त्याला हात लावला
आणि इंदूनं तिच्या हातावर हात ठेवला.
"ऱ्हाऊ दे. तठे काय भेटस?"

काट्याचे लाल आकडे माझ्याकडेच तोंड करून होते.
चोवीस दोनशे.
मी मोठ्यानं बोललो :
तेवीस. बरोब्बर.

दुसऱ्या रात्री फोन आला, मागं माणसांचा गलका.
"आप्पा, तुमचा काटा सव्वा किलोनं चुकला."
मी म्हणालो, हो, त्याचं पासिंग करायचं राहिलंय.
शेजारी दगा हमाल बिडी विझवत होता,
त्यानं माझ्याकडं पाहिलं, मग काट्याकडं.
पासिंगचा शिक्का मागच्याच महिन्यातला,
त्यानंच तर काटा उचलून दिला होता साहेबापुढं.
"जास्तीचे साडेसहा हजार सांगतात."
भर, मी म्हणालो, पाठवतो.
साडेसहा हजार म्हणजे किती पोती, 
तोंडपाठ हिशोब, पण तेव्हा जमेना.
"नको. बघते मी."
आणि फोन बंद.

तिसऱ्या दिवशी रफिक पिंजारी गाडी घेऊन परतला.
दुपारची वेळ, लिलाव संपलेला.
त्यानं प्लास्टिकची पिशवी माझ्या हातात दिली.
"ताई चपलेवरच गेली, काका.
तिथं फरशीवर बसून बॅग उघडली,
मागची रांग बघत होती,
डबा उचलला, परत ठेवला, हे काढले."
धुळ्याहून घेतलेले बूट.
थंडीचे, आतून लोकरीचे.

सगळे जेवायला गेल्यावर
मी ते काट्यावर ठेवले.
किलो पन्नास.
चोवीस दोनशेतून किलो पन्नास गेले,
राहिले तेवीस दीडशे.
मी दोनदा केली वजाबाकी, बोटांवर, मग पावतीच्या पाठीवर.
दीडशे ग्रॅम.
तिथल्या काउंटरवरच्या पोरीनं
दीडशे ग्रॅम सोडले.

नव्या बुटांना माती नव्हती अजून.
मी हात काढून घेतला.
लाभ, म्हणालो,
आणि पुढचं पोतं ओढलं.