विटेचा लाल

आधी रंग गेला.
ऑस्ला म्हणाली, दीपस्तंभ कुणी धुतला का गं?
उजव्या डोळ्याला वीट विटेसारखीच,
डाव्याला मात्र विटलेली,
चार धुण्यांतल्या फडक्यागत.
मी हसले. कातरणीचे दिवस होते,
हात लोकरीच्या चिकाने माखलेले.

आम्ही जुळ्या. एकाच बीजाच्या.
आई म्हणायची, तुमच्यात फरक अकरा मिनिटांचा
आणि पायात बांधलेल्या फितीचा.
अ‍ॅबरडीनचा डॉक्टर म्हणाला,
जनुकं तीच असली तरी
चार जुळ्यांतली एखादीच बहिणीच्या मागून जाते.
मग बाकीच्या तिघींना कोण अडवतं?
तो खिडकीकडे बघत म्हणाला, बरंचसं हवामान.

हवामान! ते आमच्या नॉर्थ रोनाल्डसेवर पोत्यानं.
डिसेंबरात सूर्य नऊला उठतो,
सव्वातीनला तोंड फिरवतो.
उन्हाचं जीवनसत्त्व आम्हाला चमच्यानं मिळायचं,
कॉडच्या तेलातून,
आणि ऑस्ला ते जिरेनियमच्या कुंडीत ओतायची.
(जिरेनियम जगलं. अजून आहे.)

मग सतराव्या वर्षीचा तो ताप,
कर्कवॉलच्या वसतिगृहात, गळ्यात सुपारीएवढ्या गाठी.
एकाच कपातून पीत होतो आम्ही.
तिला सहा आठवडे पाडलं, मला तीन दिवस.
तो विषाणू दोघींच्या रक्तात अजून राहतो, भाडं न भरता;
जवळजवळ सगळ्या जगाच्याच राहतो म्हणे,
आणि बहुतेकांना काही करत नाही.
शिवाय तिच्या सिगारेटी, पंधरा वर्षांच्या,
निम्मा धूर माझ्या छातीत.
रात्री मी हिशोब मांडते.
जुळ्यांचा हिशोब, पण जुळत नाही.

एकदा रक्त न्यायला एक मुलगी आली,
आठ जणांच्या विमानातून, वाऱ्यानं हिरवी पडलेली.
आजी-आजोबांची गावं विचारली.
चौघंही या बेटांवरचेच.
म्हणाली, हे वाण फार जुनं,
हजारो वर्षांपूर्वी गवताळ मैदानांवरून
गुरं हाकत आलेल्यांनी आणलं असावं.
जनावरांच्या रोगांपासून बहुधा राखायचं त्यांना.
राखणदार होतं ते.

बाबा बराच वेळ गप्प.
बाहेर आमची भिंत, बेटाला वळसा घालून गेलेली,
नुसत्या दगडावर दगड.
मेंढ्या भिंतीपलीकडे, किनाऱ्यावर, शेवाळ खात;
अलीकडचं गवत गाईंचं.
मग म्हणाले,
म्हणजे कुंपणच शेत खायला लागलं.
आणि उठून चहा ठेवला, मुलीला दोन चमचे साखर, न विचारता.

स्कॅनमध्ये काळ्यावर पांढरे ठिपके.
ऑस्ला म्हणाली, मेंढ्या. आत शिरल्यात.
डॉक्टर हसला नाही. मीही नाही.
ती एकटीच हसली, डोळे पुसेपर्यंत.

आता मान वाकवली की वीज टाचेपर्यंत उतरते.
गरम पाण्यात बसली की पाय साखरेचे होतात.
दर सहा महिन्यांनी सलाईन.
दोन वर्षं झाली, नवी मेंढी दिसली नाही.
जुन्या मात्र चरतात, सावकाश,
पायरी चढताना कळतं.

फेब्रुवारीच्या वादळात वायव्येची भिंत बसली.
आम्ही दगड रचतो, ती पालथ्या मासळीपेटीवर बसून
काठीनं दाखवते:
तो नको, त्याला पाठ नाही.
हा घे. नाही, उलटा.
तिच्या हाताला अजून दगड कळतो,
बटण कळत नाही.

आणि मी रोज पहाटे दारात उभी राहते,
उजवा डोळा झाकते. लाल.
डावा झाकते. लाल.
कुणाला सांगितलेलं नाही.
काल मागून काठी वाजली, आणि ती म्हणाली,
पटापट बदलू नको, मेरन.
डाव्यानं सावकाश बघ.
मला तिथेच फसवलं होतं.