बावीस हात

ट्रक आला तो नुसताच आला.
रंग नाही, रेडिओ नाही, बोटांनी पुसायचा पडदा नाही.
दोन दारं, दोन सीटा, मागे मोकळा हौदा,
आणि गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीसारखं
राखाडी प्लास्टिकचं अंग.
बाबांनी दारावर टकटक केलं, आवाज ऐकला.
"खोकं उघड ना," म्हणाले, "का हेच खोकं?"

बेलारमिनो त्रुहियो.
एस्पान्योलात हे नाव निघालं की
जुनी माणसं अजून आधी हात पुसतात.
चाळीस वर्षं त्यांनी इम्पाला रंगवल्या.
चेरीच्या पाकासारखा लाल,
बावीस हात,
आणि दर दोन हातांमध्ये एक अख्खी रात्र वाळायला.
कुणाच्या बॉनेटवर ग्वादालूपची माता,
कुणाच्या डिकीवर मेलेला भाऊ, हसरा.
रविवारी त्या गाड्या पोट रस्त्याला टेकवून
मुंगीच्या चालीनं निघायच्या, गुरगुरत.
माझी गुरगुरत नाही.
हे त्यांना रंगापेक्षा जास्त लागलं असावं.

मी नालबंद आहे.
दिवसाला सहा घोडे, चोवीस खूर,
चिमायोपासून ओहो कालिएंतेपर्यंत.
हिशेब मी विजेच्या बिलामागे मांडला,
तीनदा, कारण दोनदा विश्वास बसला नाही.
थंडीत मात्र आकडा डोळ्यांदेखत गळतो.
जानेवारीत त्रुचासच्या चढावर
मी हीटर बंद करून, घोड्याची झूल अंगावर घेऊन बसले,
उतारानं चार मैल परत दिले,
ते मी उसने म्हणूनच घेतले.

हौद्यात फळ्या ठोकल्या, जुन्या खुराड्याच्या.
ऐरणीला साखळी.
रेडिओ नाही तिथल्या खाचेत कानस बरोब्बर बसते.
वाचनालयात वस्तू छापायचं यंत्र आहे,
तिथल्या डेसिडेरिओनं खिळ्यांचा कप्पा छापून दिला,
केशरी. तोच रंग उरला होता.

आणि ती वॉल्कॉटबाईंची घोडी,
माझा जुना डिझेल ट्रक मैलावरून ओळखून
कोपऱ्यात पाय आपटत उभी राहणारी...
परवा मी फाटकाशी पोचले तरी चरतच होती.
एक कान हलला. तोही माशीसाठी.

"ह्याला रंग धरत नाही, बाबा. वरून कागद चिकटवतात."
"कागद," ते म्हणाले,
'भाड्याचा सूट' म्हणावं तसं.
मग तीन महिने काहीच नाही.
त्यांचे हात हल्ली थरथरतात, तो विषय आम्ही काढत नाही.

मार्चमध्ये दवाखान्यात नेताना ऊन आत आलं.
त्यांनी न बघता दाराकडे हात नेला,
हँडल सापडलं.
फिरवलं. काच अडखळत उतरली.
वर. पुन्हा खाली.
सांता क्रूझ येईपर्यंत तेवढंच चाललं होतं.

दुसऱ्या आठवड्यात रॉकेलचा वास येणाऱ्या फडक्यातून
एक हँडल निघालं, चौसष्टच्या इम्पालाचं,
टोकाला काचेचा गोळा, गोळ्यात लाल गुलाब.
दाते जुळेनात.
डेसिडेरिओनं मधली कडी छापली.

"हा केशरी कुणी निवडला?"
"उरला होता."
"हं."
बराच वेळ रस्ता.
"माझ्याकडे लाल उरलाय. पाऊण डबा.
ट्रकला धरत नाही म्हणतेस.
ऐरणीखालचा ठोकळा लाकडाचा आहे ना?"

फवाऱ्याला थरथरणारा हात चालतो,
उलट चालतोच, म्हणाले, कडा मऊ येतात.
मी मान डोलावली. खरं-खोटं त्यांनाच माहीत.

सध्या नववा हात वाळतोय.
तोवर ऐरण मी जमिनीवर ठेवते,
वाकून ठोकते,
आणि संध्याकाळी कंबर धरून
मोजते: अजून तेरा.