पाव इंच

गुरुवारी सहाला, हेक्समच्या ग्रंथालयामागच्या खोलीत,
जिथे सकाळी तान्ह्या बाळांना गाणी म्हणून दाखवतात
आणि गालिच्यात बिस्किटांचा चुरा तसाच रुतलेला असतो,
आम्ही सहा बायका आणि एक निवृत्त पोस्टमन
पाव इंच शिकतो.

पाव इंच. सुई आणि कापडाची कड
यांच्यामध्ये तेवढंच अंतर.
पहिल्या दिवशी मनात हसले होते मी.
सव्वीस वर्षं लोकांचे हिशेब जुळवलेत,
एका पेनीच्या फरकापायी रात्री जागवल्यात,
मला कोण पाव इंच शिकवणार?

पण कापड म्हणजे आकडा नव्हे.
ओढलं की लांबतं, इस्त्रीखाली अंग चोरतं,
आणि केसाएवढी चूक
शिवणीमागून शिवण सरकत जाते
‘मागील पानावरून पुढे’ म्हणत.
आठव्या तुकड्याशी पोचेतो
ताऱ्याचं टोक छाटलेलं,
चौकोनाला आपण कोण होतो ते आठवत नाही.

मशीन खराब आहे, मी म्हणते.
दिवा मंद आहे. दोरा स्वस्तातला.
अंगण चारी बाजूंनी वाकडं.
हेटी रॉबसन वाद घालत नाही,
टेबलावरून उसवणी पुढे सरकवते,
लाल मण्याची, दोन दातांची,
आणि दुसऱ्या कुणाकडे वळते.

घरी उसवते. एक टाका सोडून एक.
एका रात्री संतापून कात्रीच घातली,
मोरपंखी कापड, मीटरला चौदा पौंड, मधोमध.
मग ते दोन तुकडे घेऊन जिन्यात बसले.
वरून नवरा म्हणाला, ‘विकत मिळतात की.’
मिळतात.
मला माहीत आहे मिळतात.

आमच्याकडे गोधडी शिवणारं कुणी नव्हतं.
आई बँकेत, घरात सोलापुरी चादरी, पावतीसकट.
तेव्हा हे रक्तातच आहे, आज ना उद्या जागं होईल,
अशी आशा लावून घ्यायचीही सोय नाही.

पोस्टमन क्लाइव्हने कुठेतरी ऐकलं होतं,
जुन्या बायका म्हणे एक चूक मुद्दाम ठेवत,
निर्दोष काय ते देवाचं, म्हणून.
हेटी इतकी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.
‘मुद्दाम? तेवढा वेळ होता कुणाला?’

फेब्रुवारीत बर्फ पडला, त्या गुरुवारी आम्ही दोघीच.
हेटीने स्वतःची पिशवी उघडली.
‘पांढऱ्यावर पांढरा दोरा मला आता दिसत नाही.
ही शेवटची ओळ घसरलीय, बोटाला कळतंय.
तुला उसवता येतं.’
कौतुक होतं ते.
सहा महिन्यांतलं पहिलं.

मी कापड उलटं केलं.
पाठीला गाठी. एके ठिकाणी
तीनदा उसवून तीनदा शिवल्याच्या भोकांची रांग,
मुंग्या नुकत्याच निघून गेल्यासारखी.
अस्तर एका कोपऱ्यात कमी पडलेलं,
तिथे भलत्याच निळ्या कापडाचं बोटभर ठिगळ.
मी किती वेळ बघत राहिले कोण जाणे.
किटलीचं पाणी उकळून बंद झालं.

‘हे राहू दे ना,’ मी म्हटलं, ‘दिसतसुद्धा नाही.’
‘मला दिसत नाही,’ हेटी म्हणाली. ‘उसव.’

उसवलं. कापडाला ओरखडा न येऊ देता,
एक टाका सोडून एक,
ती शेजारी बसून चहा पीत होती
आणि नातवाच्या गुडघ्याच्या ऑपरेशनबद्दल बोलत होती.

परतीच्या बसमध्ये कॉर्ब्रिजपाशी
समोरच्या सीटवरचा मुलगा
माझ्या काळ्या कोटाच्या बाहीकडे बघत राहिला,
पांढरे बारीक दोरे, कोपरापर्यंत.
‘तुमच्याकडे मांजर आहे?’ त्याने विचारलं.

मी हो म्हटलं.