बद्द वाजणारं वाक्य

वीस रुपये घेऊन पोरानं अर्ज काढून दिला.
कागद अजून गरम होता.
तिसऱ्या रेल्वे गेटला मालगाडीनं अडवलं
तेव्हा सायकल मांडीला टेकवून वाचला :
'आपल्या नामांकित संस्थेत काम करण्यास मी
अत्यंत कष्टाळू, प्रमाणिक व होतकरू...'
होतकरू!
अठ्ठेचाळीस पुरी झाली पाडव्याला.
पुढच्या स्कूटरवरचा पोरगा तसलाच कागद वाचत होता.
मान लांबवून बघितलं.
तोही होतकरू.
त्याच्याही 'प्रामाणिक'चा तोच काना गळालेला.

बावीस वर्षं उद्यमबागेत.
आधी कोअर शॉपला, मग घासायला,
शेवटी ठोकून बघायला.
हातात पावशेराची हातोडी,
पुढ्यात गार झालेली कास्टिंगं.
ठोकायचं. ऐकायचं.
चांगलं असलं की खण्ण करून उठतं,
दाताच्या मुळापर्यंत येतं.
आत हवा अडकून पोकळ राहिलं असलं
तर बद्द.
वरून दोन्ही सारखीच.
रंग मारला की अजूनच.

मग शटर पडलं. हिशेब दिला, हातोडी ठेवून घेतली.

रात्री भाकऱ्या उरकून
वैजूच्या टेबलावर तो अर्ज पसरला
नि एकेक शब्द बोटाच्या पेरानं ठोकला.
कष्टाळू. बद्द.
प्रामाणिक, काना घालून. तरी बद्द.
मिळून-मिसळून वागणारी.
हे तर साच्यातच फुटलेलं.
"आत्या, काय करूलालीस गं?"
"माल तपासूलालोय."

बसलिंगप्पा फोरमन पहिल्या दिवशी म्हणाला होता,
केळ, अक्का, केळ.
मला वाटलं, विचार म्हणतोय.
म्हटलं, काय विचारू?
हसला. स्वतःच्या कानाला बोट लावलं.
त्यांच्यात ऐकणं नि मागणं
एकाच शब्दात भागतं.
घरी वाळू, शॉपात उसकू, बिलावर सँड.
वाळूला काय त्याचं,
साच्यात नीट बसली की झालं.

वैजू, कोरा कागद घे.
इंग्रजी तू उद्या कर, आधी माझ्या तोंडचं लिही :

'साहेब, तुम्हाला तपासणीस पाहिजे असं वाचलं.
आतलं दाखवणारं मशीन तुमच्याकडं आहे, तेही कळलं.
मी कानानं तपासते.
रोज चारशे नग, जेवणाची सुट्टी सोडून.
सर्दी झाली की आदल्या दिवशी सांगते,
त्या दिवशी मला दुसरं काम द्यावं.
सोळा साली पंपाच्या ब्रॅकेटची एक ट्रॉली मी सोडली.
बद्द ऐकू आलं होतं.
गाडी दारात उभी होती, मालक घड्याळ बघत होते,
मी बोलले नाही.
सतरा नग परत आले.
त्यानंतर सोडलं नाही, गाडी उभी असली तरी.'

वैजूचं पेन थांबलं.
"एवढं नको आत्या.
कोण आपलीच खोट लिहितंय होय अर्जात?"
मला क्षणभर पटलं.
मग त्या ओळीवर पेर ठेवलं, ठोकलं.

खण्ण.

राहू दे, म्हटलं.

अर्धं पानही भरलं नाही.
वैजू म्हणाली, खाली मोकळं दिसतंय, काहीतरी घालूया,
छंद बिंद.
म्हटलं, जागा आहे तर त्यांना लिहू दे,
कधी या, किती वाजता या.

राहिलं शेवटचं,
'आपली विश्वासू'.
ते त्या पोराच्याच कागदावरून घेतलेलं.
ठोकलं. नीट कळेना.
परत ठोकलं.
पलीकडं रुळावर मालगाडी लागली होती,
कपाटातली ताटंसुद्धा थरथरत होती.

असू दे.
पहाटे बघतो परत,
गेट उघडं असताना.