पाळीबदल

समुद्रातून मीठ वेगळं करणं सोपं आहे.
दाब द्यायचा, पडद्यातून गाळायचं,
उरलेला खारटपणा समुद्राला परत.
सोहारच्या आमच्या कारखान्यात
हे चोवीस तास चालतं, बिनबोभाट.

नोंदवहीचं तसं नव्हतं.

'रात्रपाळीने चार नंबरची जाळी साफ केली नाही. ह. तांडेल.'
'दिवसपाळीने बत्तीसचा पाना परत केला नाही. शाजी.'
'जाळी. पुन्हा.'
'पाना. अजून.'
अकरा आठवडे.
एकदा मी 'पुन्हा'खाली दोन रेघा मारल्या,
दुसरी इतकी जोरात
की त्याच्या कोऱ्या पानावर तिचा वळ उठला.

संध्याकाळी सहाला फाटकाशी दोन बसगाड्या यायच्या.
उतरणारे चढणाऱ्यांकडे बघायचे नाहीत.
दिलबहादूर आमच्यात, त्याचा मेव्हणा त्यांच्यात;
फाटकात तेही अनोळखी,
शुक्रवारी मात्र एकाच कुकरला भात लावायचे.

खल्फान साहेबांनी बैठक घेतली.
खजूर आले, कहवा आला,
'आपण एक कुटुंब' असं प्रत्येकजण म्हणाला.
दुसऱ्या दिवशी मी लिहिलं: जाळी.

जूनमधल्या एका रात्री खोलीतला एसी बंद पडला,
झोप येईना, म्हणून गेलो, असं मी सांगतो.
खरं म्हणजे पकडायला गेलो होतो.

तीन वाजले होते.
चष्मा पुसावा तर लगेच पुन्हा धुरकट.
चार नंबरच्या पंपाशी शाजी गुडघे टेकून,
दातांत मोबाईल धरलेला,
आणि त्या वाटीएवढ्या उजेडात
हाताने चाचपत शिंपले खरवडत होता.
निम्मे निघत होते. निम्मे दिसतच नव्हते.
वरचा दिवा बंद.

"कधीपासून?"
त्यानं मोबाईल काढला, बाहीला पुसला.
"मार्चपासून. अर्ज दिलाय.
तुमच्याकडेच."

माझ्याकडे.
टेबलाच्या काचेखाली, गेल्या वर्षीच्या कॅलेंडरमागे.
मी उन्हातला माणूस;
चार नंबरवर दिवा आहे
हेच मला ठाऊक नव्हतं.

काहीतरी बोलायला हवं होतं.
"शिडी कुठाय?" एवढंच आलं तोंडून.
स्टोअरची किल्ली माझ्याच खिशात होती.
शिडी त्यानं धरली.
दिवा लागला तेव्हा आम्ही दोघांनीही
एकमेकांऐवजी जाळीकडे पाहिलं.
बरीच घाण होती.

सकाळी वहीत:
'चार नंबर. दिवा बदलला. उशीर माझ्याकडून. ह. तांडेल.'
'माझ्याकडून'पाशी पेन थोडं अडलं.

त्या रात्री उत्तर नाही. दुसऱ्या रात्रीही नाही.
तिसऱ्या दिवशी सकाळी:
'जाळी साफ. शिंपले वाढलेत,
दोन्ही पाळ्यांना बघावी लागेल. शाजी.'

बत्तीसचा पाना सापडला,
आमच्याच मुर्शिदच्या पेटीत, तेलकट फडक्यात.
गुपचूप त्यांच्या खिळ्याला अडकवून आलो.
वहीत मात्र लिहिलं नाही.

तेवढा खारटपणा
ठेवून घेतला.