बसतं म्हणून झेपतं असं नाही

कुमुदिनी तळपदे आल्या तेव्हा
फिदाअली शेठ नमाजाला गेले होते.
अब्दुल रेहमान स्ट्रीटच्या पहिल्या माळ्यावर
मी, पंखा, आणि परवान्यांची रजिस्टरं.
चष्म्याच्या दुकानाची कापडी पिशवी त्यांनी काचेवर ठेवली.
आत धोतराच्या फडक्यात वडिलांचं पिस्तूल,
बर्मिंगहॅमचं, सन एकोणीसशे तेरा.
"याला सोसतील अशा गोळ्या द्या,"
जशी कुणी दुखऱ्या दाढेसाठी मऊ सुपारी मागावी.

मी मॅगझीन उतरवलं, चेंबरमध्ये करंगळी घातली.
सवय आहे. रिकामं म्हणून आणलेलं
पंचेचाळीस वर्षांत दोनदा भरलेलं निघालंय.
नळी खिडकीच्या उजेडात धरली:
आटे शाबूत, पण माझगावच्या खाऱ्या हवेनं
जिथे बोट ठेवलं तिथे देवीचे व्रण.
स्लाइडला भिंग लावून तडा शोधला. नव्हता.
स्प्रिंग टेबलावर उभी केली, ती कलली.
"ही थकली. बदलावी लागेल."
"बदलून मिळते?" त्यांनी विचारलं,
आणि स्वतःच हसल्या.

कपाटातून तीन खोके काढले.
तिन्हींवर बत्तीस. तिन्हींचं पितळ नवं.
"कुठली बसेल?"
तिन्ही बसतील, बाई. खट्ट करून बसतील.
पण बसतं म्हणून झेपतं असं नाही.
या लोखंडाला त्याच्या काळातला दाब ठाऊक.
नव्या दारूचा रट्टा मागे येतो,
आणि मागे तुमचं मनगट असतं, तुमचा डोळा.

त्या खोक्यांकडे बघत राहिल्या.
"आमचे छत्तीस गुण जुळले होते," म्हणाल्या.
मी मायक्रोमीटर पुसत राहिलो.

मग पर्समधून बामची डबी निघाली.
वडिलांच्या सात गोळ्या, शेवाळी हिरव्या.
या नकोत. कधीच नकोत. जमा करू.
डबी त्यांनी लगेच सोडली नाही.
पिस्तूल कायम भावाच्या हातात, ह्यांना नुसतं फडकं धुवायला.
भाऊ आता टोरांटोला, बर्फ उपसतो.

तिसरा खोका दिला. सौम्य भरणा, शिशाचं टोक.
बॅच नंबर लिहून घेतला, दहा गोळ्या.
वरळीच्या रेंजवर एकेकच भरा, म्हटलं,
मॅगझीन नको.
पुंगळी उचलून बघा:
फुगली, चिरली, टोपीभोवती काजळी दिसली,
तर तिथेच थांबा. पैसे परत नाही मिळत,
बोटंही नाहीत.

अकराव्या दिवशी आल्या.
रुमालात एकच पुंगळी.
"बघा, फुगली का."
मापली. केसभरही नाही.
"बाकीच्या नऊ?"
"राहू दे तुमच्याकडे. दुसऱ्या वेळी हात थरथरला असता.
पहिल्यांदा नाही थरथरला,
तेवढंच बघायचं होतं."

शेठ म्हणाले, जमा करून घे, पावती फाड.
रजिस्टरच्या 'वापर' रकान्यात
मी एक लिहिलं,
आणि शाई वाळेपर्यंत
पान उघडंच ठेवलं.