भूकंपानंतरचा सोमवार

सोमवारी बालवाडी उघडली
तेव्हा बंदराच्या जाळ्यांवर
अजून कुणाकुणाच्या गोधड्या वाळत होत्या,
आणि टेकडीवरून उतरलेली माणसं
स्वतःच्याच घरांकडे पाहुण्यासारखी बघत होती.

वर्गात अकरा मुलं. आली सात.
मी ठोकळे काढून दिले. विचारलं काही नाही.

नाहुएलनं मनोरा रचला, टेबल हलवलं,
आणि ठोकळे पडत असताना
मोठ्यानं मोजू लागला,
त्याचा आजा मोजतो तसं.
म्हातारा एलेउतेरिओ, सगळा जन्म बोटीवर गेलेला;
त्या रात्री एका हातानं कालवणाचं पातेलं धरून उभा होता
आणि दुसऱ्या हातात नातवाची मानगूट,
मांजर पिलाची धरते तशी.
"एकशेदहापर्यंत मोजलं, मावशी."
(चिलीत आमच्या किनाऱ्यावर पोरं बाईंना मावशीच म्हणतात.)
"मग टेकडीवर नेऊन प्यायलो. खारट झालं होतं."
एवढाच त्याचा भूकंप.
आता म्हणतो, एकशेदहाच्या पुढचं शिकव.

मायतेनच्या घरी कपसुद्धा फुटला नाही.
पण आई किंचाळली.
जमीन थांबली, आई थांबली नाही.
तिला तरी बोल कसा लावू?
ती एवढीशी होती तेव्हा समुद्र
चुलीपर्यंत आला होता,
आणि परत जाताना एकटा गेला नव्हता.
पोरगी जमिनीकडे बघतच नाही.
बोलणाऱ्याच्या हनुवटीकडे बघते,
हलते का ते.

आणि इस्मेनिया.
डबा खाताना अगदी सहज विचारते:
"पुन्हा कधी होणार, मावशी?"
मी पाठीवर हात ठेवला.
शिकवलं होतं तसं म्हटलं,
"आता नाही गं होणार. घाबरू नकोस."
तिचा चेहरा पडला.

तिनं काढलेलं चित्र मग नीट बघितलं.
करडी मोटार. काचांवर वाफ.
पुढे आई, पुढेच बाबा,
मागे ती आणि कुत्रा, एकाच पांघरुणात.
बाबा, जो गेल्या हिवाळ्यात
दोन पिशव्या घेऊन निघून गेला होता,
त्या रात्री अनवाणी धावत आला.
तीन रात्री चौघं टेकडीवर, मोटारीत.
"बाबा घोरत होता," ती सांगते,
"आणि आई रागावली नाही."
रविवारी त्यानं त्यांना दारात सोडलं,
मोटार वळवली.

दुपारी, झोपायच्या चटया घालताना,
दिवा हलला.
छोटासाच धक्का, शेपटी मागून यावी तसा.
सात चेहरे वळले:
दिव्याकडे नाही, खिडकीकडे नाही,
माझ्याकडे.
मला त्या क्षणी एक चेहरा हवा होता,
आणि माझ्याकडे माझा नव्हताच कधी.
आईचा होता. ती बटाटे सोलत राहायची,
साल तुटू न देता.
मी पेन्सिल उचलली
आणि टोक करत राहिले. साल तुटली. पुन्हा धरली.

नाहुएल पंधरापर्यंत पोचला आणि हिरमुसला.
मायतेन माझ्या हनुवटीवरून नजर काढेना.

इस्मेनिया तेवढी उठली,
चटई तुडवत खिडकीशी गेली,
आणि काचेला नाक लावून
चढाच्या रस्त्याकडे बघत उभी राहिली.